हायडन: एकाच घराण्याची तीस वर्षं चाकरी. त्याचं भलं झालं की नुकसान?

तंबोरा
गेल्या रविवारी घरात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. म्हणून इथे आणतेय.

माझे बाबा ७८ वर्षांचे. एका सहकारी साखर कारखान्यात ३४ वर्षं हिशेबनीस होते. पेटी उत्तम वाजवतात, पाश्चात्त्य संगीत मात्र कधी कानावरून गेलेलं नाही. मी अठराव्या शतकातल्या हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराची ४५ वी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची रचना) ऐकत बसले होते, जिला निरोपाची सिंफनी म्हणतात ती. शेवटच्या संथ भागात एकेक वाद्य गप्प होत जातं. पहिल्यांदा वाजली तेव्हा ज्याचं वाजवून झालं तो वादक समोरची मेणबत्ती विझवून उठून गेला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी दोनच व्हायोलिनं उरली. कारण असं, की १७७२ साली हायडनचा मालक प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी आपल्या नव्या राजवाड्यातून हलायला तयार नव्हता आणि वादकांना बायकापोरं तिथे आणायची परवानगी नव्हती. सगळे घराकडे डोळे लावून बसलेले. तोंडाने बोलायची सोय नाही, तेव्हा हायडनने हे वाजवून सांगितलं. मालकाला अर्थ कळला आणि दुसऱ्याच दिवशी सामान बांधायचा हुकूम निघाला.

मी हे सगळं भारावून सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, "याला पगार किती होता?"

शोधून सांगितलं. १ मे १७६१ च्या करारात वर्षाला ४०० गुल्डन (तिथलं तेव्हाचं नाणं). त्याच करारात आणखीही बरंच आहे. दरबारी गणवेश घालायचा, पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर आणि मागे शेंडी नाहीतर टोप. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात उभं राहून "आज संगीत हवंय का" हे विचारायचं. आणि सगळ्यात वाईट कलम: जे लिहील ते मालकाचं. परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी लिहायचं नाही, कुणाला नक्कल द्यायची नाही.

माझं म्हणणं, या माणसाचं मोठंच नुकसान झालं. मोझार्टने १७८१ मध्ये, पंचविशीत, साल्झबुर्गच्या आर्चबिशपची नोकरी झुगारली. हायडन सुटला १७९० मध्ये, तेही मालक वारला म्हणून. तेव्हा त्याचं वय ५८. बाबा म्हणतात, "दर महिन्याला पगार येत होता म्हणून लिहू शकला. नाहीतर शिकवण्या करत मेला असता."

तुम्हाला काय वाटतं?

ओटीवरचा_झोपाळा
बाबांना माझा नमस्कार सांगा. पहिला प्रश्न पगाराचा विचारणारा माणूस आयुष्य समजून असतो.

रात्रपाळी
मला हायडन कधी भिडलाच नाही. १०४ सिंफन्या! चार-पाच ऐकल्या, सगळ्या एकसारख्या वाटल्या. कारखान्यातून माल निघावा तशा. तंबोराताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच नाही का? रोज मागणी, रोज पुरवठा.

कोमल_निषाद
@रात्रपाळी, कुठल्या चार-पाच ते सांगा म्हणजे बोलता येईल. १७६१ मध्ये नोकरीवर रुजू झाल्या झाल्या त्याने ६, ७, ८ क्रमांकाच्या सिंफन्या लिहिल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. पंधराच्या आसपास वादक असलेल्या त्या ताफ्यात जवळजवळ प्रत्येकाला त्याने एकट्याने चमकायची जागा दिलीय. डबल बाससुद्धा सुटलेला नाही. नवा साहेब आला आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या हातचं कसब ओळखून त्याला पुढे बसवलं, असं झालं ते. वादक त्याला "पापा" का म्हणायला लागले ते तिथे कळतं. त्या तीन ऐका, मग ४४, ४५ आणि ४९ ऐका. एकसारख्या वाटल्या तर मी पुन्हा वाद घालणार नाही.

जुळवून आकडेही देतो: क्रमांक १०४ पर्यंत जातात, त्याशिवाय दोन सापडल्या, म्हणजे १०६. स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हियोला आणि चेलो अशा चौघांसाठीच्या रचना, ६८.

मांडवीकाठ
धागा बघून बसूनच राहिले. आमच्या घरात हायडन म्हणजे शापायचं (आजोबांचं) नाव घेतल्यासारखं आहे.

शापाय सासष्टीतल्या एका गावात चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकले. तिथे शिकवणाऱ्याला मेस्त म्हणायचे. पोरांना आधी स्वर वाचायला शिकवायचे, वाद्य हातात खूप नंतर. त्या शिदोरीवर किती गोंयकार मुंबईला गेले आणि सिनेमाच्या ताफ्यांत वाजवू लागले ते सगळ्यांना ठाऊक आहे. शापायही गेले. आठवडाभर स्टुडिओत दुसऱ्याचं वाजवायचं आणि रविवारी मिस्सा झाल्यावर धोबीतलावच्या खोलीत चौघांनी जमून क्वार्टेट वाजवायचे. बहुतेक वेळा हायडनचे. आज्जी वैतागायची, कारण जेवण निवायचं.

मी एकदा विचारलं, हायडनच का? ते म्हणाले, "बायले, हाच एक असा की चौघांनाही बोलायला देतो. दुसरे व्हायोलिन वाजवणाऱ्याला तो विसरत नाही." शापाय दुसरे व्हायोलिन वाजवायचे.

तंबोराबाई, तुमचे बाबा आणि माझे शापाय यांची गाठ पडायला हवी होती. शापायनाही वाटायचं की स्टुडिओच्या पगाराने रविवार दिला.

बेसूर_बंडू
"दुसरे व्हायोलिन वाजवणाऱ्याला तो विसरत नाही." वाचनखूण साठवली.

कोमल_निषाद
मांडवीकाठ, शापायनी जे सांगितलं ते जर्मन कवी गटेनेही म्हणून ठेवलंय. क्वार्टेट ऐकताना चार समंजस माणसांच्या गप्पा ऐकल्यासारखं वाटतं, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. आणि १७८४ च्या सुमाराला व्हिएन्नात एका घरी झालेल्या क्वार्टेटची आठवण मायकेल केली या गायकाने लिहिलीय: पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडोर्फ, व्हियोला मोझार्ट, चेलो वानहाल. त्याच्या मते वादन ठीकठाकच होतं! पण त्या खोलीत कोपऱ्यात बसायला मिळालं असतं तर मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

रंकाळा
मी हिंदुस्थानी संगीताचा माणूस. हायडनबद्दल इथेच पहिल्यांदा इतकं वाचतोय. पण दरबारी नोकरी हा विषय आमच्या ओळखीचा आहे.

कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. महाराज १९२२ साली गेले, मग खाँसाहेब मुंबईला स्थायिक झाले. तोवर गाणं दरबाराच्या सावलीत वाढलं. त्यांच्याबद्दल आणखी एक ऐकत आलोय ते इथे लागू पडतं. तरुणपणी एका संस्थानात रोज तासन्‌तास गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला. पुन्हा उभा राहिला तो वेगळाच, आणि त्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी बांधली. आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून जे ऐकतो ते त्यातून आलं. मग सांगा, चाकरीने त्यांचं नुकसान केलं की भलं? मला उत्तर देता येत नाही. दोन्ही एकाच धाग्यात विणलेलं आहे.

तंबोरा
रंकाळा, हे बाबांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले. ही खूण चांगली आहे.

डॅन्यूबकाठचा_मराठी
मी व्हिएन्नात राहतो, त्यामुळे या धाग्यावर न बोलून चालणार नाही.

आधी जागेबद्दल. आयझेनश्टाट इथून गाडीने तासाभराचा रस्ता. तिथे एस्टरहाझींचा जुना वाडा आहे आणि त्यातला हायडनचा दिवाणखाना अजून वापरात आहे. जवळच्या गल्लीत त्याचं छोटं घर आहे, १७६६ मध्ये घेतलेलं. ते १७६८ च्या आगीत जळलं, १७७६ मध्ये पुन्हा जळलं, आणि दोन्ही वेळा बांधून द्यायचा खर्च मालकाने उचलला. जमाखर्च मांडणार असाल तर बाबांच्या बाजूला हे लिहा.

आता दुसरी बाजू. नवा राजवाडा, एस्टरहाझा, आज हंगेरीत फेर्टोड गावी आहे. मी नोव्हेंबरात गेलो होतो. सपाट, ओलसर मुलूख, मोठं तळं जवळ, लांबवर काही नाही. आज मोटारीतून उतरताना अंगावर काटा आला. तिथे ऑपेराचं थिएटर होतं, कळसूत्री बाहुल्यांचं वेगळं थिएटर होतं. १७८० च्या दशकात एकेका वर्षात ऑपेराचे शंभरावर प्रयोग झालेत आणि ते बसवणारा, शिकवणारा, दुरुस्त करणारा, वाद्यवृंद चालवणारा हाच. १७७९ मध्ये ते ऑपेरा थिएटरही जळलं.

मारियाने फॉन गेनझिंगर नावाची त्याची व्हिएन्नातली मैत्रीण होती. व्हिएन्नात काही दिवस राहून परत गेल्यावर फेब्रुवारी १७९० मध्ये त्याने तिला पत्र लिहिलं: मी माझ्या ओसाडीत एकटा बसलोय, एखाद्या पोरक्या मुलासारखा. घरी सगळा गोंधळ, तीन दिवस कळेना की मी कपेलमायस्टर (दरबारी संगीताचा प्रमुख) आहे की कपेलचा नोकर. ५८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, सगळ्या युरोपात नाव झालेल्या माणसाचं हे पत्र आहे. मी ते तिथेच उभा राहून फोनवर वाचलं. तंबोराताईंच्या बाजूचा मी त्या दिवशी झालो.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात हायडन म्हणजे पावडर लावलेला हसरा म्हातारा.

चिकित्सक_चिमणी
एक विषयांतर करते, कारण इथे अजून कुणी काढलेलं नाही. त्याची बायको.

सगळीकडे एकच गोष्ट छापलेली असते: हायडनचं प्रेम होतं तेरेसे केलरवर, ती मठात जोगीण झाली, मग त्याने २६ नोव्हेंबर १७६० ला तिच्या बहिणीशी, मारिया आनाशी लग्न केलं आणि आयुष्यभर पस्तावला. ती भांडखोर, तिला संगीत कळत नव्हतं, त्याच्या हस्तलिखितांचे कागद केस कुरळे करायला वापरायची, वगैरे. पण हे सगळं कुणी सांगितलं? हायडनने आणि त्याची चरित्रं लिहिणाऱ्यांनी. तिचा स्वतःचा शब्द जवळपास उरलेला नाही. बहिणीऐवजी पदरात पडलेली बायको, मूल नाही, नवरा वर्षातले कितीतरी महिने त्या दलदलीतल्या वाड्यात, आणि १७७९ पासून तिथे लुईजा पोल्त्सेल्ली नावाची इटालियन गायिका. मारिया आनाला कुणी विचारलं का की तू कशी आहेस?

शेवटी व्हिएन्नाच्या गुम्पेनडोर्फ भागातलं घर तिनेच पाहून ठेवलं होतं, आपण विधवा झाल्यावर राहायला म्हणून. १७९३ मध्ये हायडनने ते घेतलं. ती १८०० मध्ये गेली आणि तो त्या घरात राहिला.

ओटीवरचा_झोपाळा
चिमणीताई, सहमत. पण त्याचंही थोडं समजून घ्यायला हवं. लग्न करण्याआधी तो काय भोगून आला होता?

रोराऊ गावचा गाडीची चाकं करणाऱ्याचा मुलगा. आई जमीनदाराच्या मुदपाकखान्यात काम केलेली. बाप हार्प वाजवायचा, स्वरलिपी न येता, नुसता कानाने. पोरगा साधारण सहा वर्षांचा असताना हाइनबुर्गला एका नातेवाईक मास्तरांकडे धाडला, तो पुन्हा आईबापांजवळ राहायला कधी आलाच नाही. तिथे जेवणापेक्षा मार जास्त मिळाला, असं तो म्हातारपणी सांगायचा, आणि तरीही त्या मास्तरांचे उपकार मानायचा. मग व्हिएन्नाला सेंट स्टीफनच्या चर्चमध्ये गायक मुलगा. आवाज फुटला तसा १७४९ च्या सुमाराला बाहेर काढला. खिशात काही नाही. मिशाएलरहाउसच्या माळ्यावर शेगडी नसलेली खोली, किड्यांनी पोखरलेलं क्लेव्हिअर (पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य). त्याचेच शब्द: त्या क्लेव्हिअरपुढे बसलो की मला कुठल्या राजाचा हेवा वाटत नसे.

आठेक वर्षं त्याने शिकवण्या केल्या, रस्त्यावर वाजवलं, पोर्पोरा नावाच्या इटालियन गुरूची साथसंगत केली, त्याचे बूटसुद्धा पुसले म्हणतात, आणि त्याच्याकडून रचनेचं व्याकरण शिकला. असा माणूस १७६१ मध्ये ४०० गुल्डनच्या करारावर सही करतो तेव्हा त्याला ती बेडी वाटली नसणार. मोझार्टचा बाप दरबारी संगीतकार. पोर्‍याला घेऊन युरोप पालथा घातला. त्याला नोकरी झुगारायची हिंमत घरातून मिळाली. चाकं करणाऱ्याच्या पोराला ती कुठून मिळणार?

मांडवीकाठ
ओटीवरचा_झोपाळा, शेवटच्या परिच्छेदाला माझे हात जोडलेले आहेत.

कोमल_निषाद
आता एक वाद्य सांगतो, कारण इथे सारंगी-सतारवाले नक्की असतील.

मालक निकोलाउस बारिटोन वाजवायचा. हे गजाने वाजवायचं, मांडीत धरायचं वाद्य. पुढच्या तारांवर गज, आणि दांडीच्या मागे धातूच्या तारा. या मागच्या तारा तरफेसारख्या आपोआप झंकारतात, शिवाय डाव्या हाताच्या अंगठ्याने मागून छेडताही येतात! म्हणजे वाजवणारा एकाच वेळी गजाने सूर लावतो आणि अंगठ्याने स्वतःची साथ करतो. १७६५ मध्ये मालकाकडून लेखी समज आली की हायडनने जास्त मेहनत घ्यावी आणि बारिटोनसाठी जास्त लिहावं. त्याने सव्वाशेवर त्रिकुटं लिहून दिली. त्याच सुमाराला आपल्या सगळ्या रचनांची यादी ठेवायलाही सुरुवात केली.

आता हे वाद्य कुणी वाजवत नाही म्हटलं तरी चालेल. त्या सव्वाशे रचना एका माणसाच्या हौसेसाठी गेल्या. हे पान तंबोराताईंच्या बाजूचं.

रंकाळा
तरफा! आणि अंगठ्याने मागून! आज रात्री याची रेकॉर्डिंग शोधून ऐकल्याशिवाय झोपणार नाही.

बेसूर_बंडू
मी लहानपणापासून एकच ऐकलंय: सिंफनीत मधेच धाडकन आवाज काढून त्याने झोपलेल्या बायकांना उठवलं.

कोमल_निषाद
९४ वी. लंडन, २३ मार्च १७९२. पण झोपलेल्यांना उठवायला नाही. तो म्हातारा असताना त्याचा चरित्रकार ग्रीसिंगर याने त्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, नाही, मला लोकांना काहीतरी नवं देऊन चकित करायचं होतं. त्या मोसमात त्याचाच शिष्य प्लायल दुसऱ्या मंडळींकडून समोर उभा होता. आपला पट्ट्या आपल्याला झाकोळून टाकू नये, एवढा साधा हेतू.

त्याचा विनोद ऐकायचा तर ६० वी ऐका. शेवटचा भाग जोरात सुरू होतो आणि व्हायोलिनवाले मधेच थांबून तारा जुळवायला लागतात, कारण एक तार मुद्दाम उतरवून ठेवायला सांगितलेली असते. हे जुळवणं कागदावर लिहिलेलं आहे. किंवा ३३ व्या संचातलं दुसरं क्वार्टेट: शेवट येतो, टाळ्यांसाठी हात उचलावेत, पुन्हा सुरू. पुन्हा शेवट, पुन्हा शांतता. आमच्या वर्गात हे वाजवलं तेव्हा पालक दोनदा फसले आणि तिसऱ्यांदा खरंच संपलं तेव्हा कुणी टाळीच वाजवेना.

अवांतर: "हायडनची सेरेनेड" म्हणून जी गोड धून सगळ्यांना पाठ आहे, तिसऱ्या संचातल्या पाचव्या क्वार्टेटमधली, ती बहुधा त्याची नाहीच. रोमान होफश्टेटर नावाच्या साधूची मानतात. हायडनचं नाव लावलं की खपायचं, म्हणून प्रकाशक लावत.

चिकित्सक_चिमणी
म्हणजे मालकाने करारात बांधून ठेवलं आणि बाहेर त्याच्या नावावर दुसरेच पोट भरत होते?

डॅन्यूबकाठचा_मराठी
बरोबर. आणि ते थांबवायचा एकच मार्ग, स्वतः विकणं. १७७९ मध्ये नवा करार झाला आणि "सगळं मालकाचं" हे कलम निघालं. मला हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वळण वाटतं, लंडनपेक्षाही. लगेच व्हिएन्नाचा आर्तारिया, लंडनचा फोर्स्टर हे प्रकाशक, मग पॅरिसहून सहा सिंफन्यांची मागणी, ८२ ते ८७. माणूस दलदलीत बसलेला आणि कागद पॅरिसला पोचलेले. म्हणून तंबोराताई, तुमचं ते "१७९० पर्यंत कैद" पूर्ण बरोबर नाही. शरीर १७९० मध्ये सुटलं, लेखणी अकरा वर्षं आधी.

तंबोरा
हे पटलं. माझं वाक्य दुरुस्त करते.

रात्रपाळी
मी आलो परत. ६, ७, ८ ऐकल्या, मग ४४ आणि ४९. कोमल_निषाद, माझा शब्द मागे घेतो. ४४ चा संथ भाग रात्री अडीचला नोकरीवर असताना ऐकला. बाहेर पाऊस होता. पुढे काय लिहू.

कोमल_निषाद
काही लिहू नका. आता ८८ ऐका. :)

ओटीवरचा_झोपाळा
लंडनची गोष्ट कुणीतरी नीट सांगा ना. मला फक्त एवढंच माहीत आहे की कुणीतरी दारात येऊन उभा राहिला.

डॅन्यूबकाठचा_मराठी
योहान पेटर सालोमोन. मूळचा बॉनचा, लंडनमध्ये जलसे भरवणारा व्हायोलिनवादक. २८ सप्टेंबर १७९० ला निकोलाउस वारला. मुलगा आंटोनला संगीताची आवड नव्हती, त्याने वाद्यवृंद मोडला, पण हायडनला निवृत्तिवेतन चालू ठेवलं: निकोलाउसने नेमून दिलेले १००० गुल्डन आणि वर आपले ४००. हायडन व्हिएन्नाला धावला. काही आठवड्यांत सालोमोन दारात: "मी लंडनचा सालोमोन, तुम्हाला न्यायला आलोय."

मोझार्ट काळजीत. तुम्हाला एवढ्या जगाची सवय नाही, भाषा येत नाहीत. हायडनने उत्तर दिलं, माझी भाषा सगळ्या जगाला कळते. १५ डिसेंबरला निघाला. निरोप घेताना मोझार्टच्या डोळ्यांत पाणी होतं, पुन्हा भेट होणार नाही म्हणाला. काळजी म्हाताऱ्याची होती. गेला मात्र मोझार्ट, पुढच्या डिसेंबरात, ३५ वर्षांचा. हायडन तेव्हा लंडनमध्येच.

हायडनने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो त्या प्रवासात. १ जानेवारी १७९१ ला इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच वर्षी ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली. दोन फेऱ्यांत बारा सिंफन्या, ९३ ते १०४. मे १७९५ मध्ये त्याच्या स्वतःच्या जलशाला एका रात्रीत ४००० गुल्डन मिळाले. वहीत नोंद केली, असं फक्त इंग्लंडमध्येच होऊ शकतं. बाबांना सांगा: पहिल्या कराराच्या दहा वर्षांचा पगार, एका रात्रीत.

तंबोरा
सांगितलं. बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "पण त्या रात्री वाजवलं ते शिकला कुठे?"

मांडवीकाठ
हाच तर प्रश्न!

कोमल_निषाद
याचं उत्तर खुद्द हायडनने देऊन ठेवलंय, ग्रीसिंगरला. मथितार्थ असा: माझा मालक माझ्या कामावर खूश होता. वाद्यवृंद माझ्या हाताखाली असल्यामुळे मला प्रयोग करता आले. काय खुलतं, काय पडतं ते बघायचं, वाढवायचं, कापायचं, धाडस करायचं. मी जगापासून तुटलेला होतो. माझ्या मनात गोंधळ उडवून द्यायला जवळपास कुणी नव्हतं, म्हणून मला स्वतंत्र वाट काढावीच लागली.

रोज सकाळी लिहिलेलं संध्याकाळी वाजवून बघायला मिळणं, तेही तीस वर्षं. मोझार्टला हे मिळालं नाही. बेटहोफेनला तर नाहीच. माझ्या लेखी बाबा जिंकले.

चिकित्सक_चिमणी
थांबा, एवढ्यात निकाल नको. ते म्हातारपणी सांगितलेलं आहे, सगळं पार पडल्यावर. सुटका झाल्या झाल्या तो काय म्हणाला तेही बघा. सप्टेंबर १७९१, लंडनहून त्याच गेनझिंगरबाईंना पत्र: थोडंसं स्वातंत्र्य किती गोड लागतं! मालक चांगला होता, पण कधीकधी हलक्या माणसांच्या मर्जीवर जगावं लागायचं. सुटकेसाठी किती उसासे टाकले, आता ती काही प्रमाणात मिळाली. काम खूप आहे, पण आपण बांधील नोकर नाही ही जाणीव सगळे कष्ट विसरायला लावते.

हे वाचून मला रडू आलं होतं. ५९ वर्षांचा माणूस "गोड लागतं" म्हणतो.

रंकाळा
त्याची दोन्ही म्हणणी शेजारी ठेवली की पुन्हा माझ्यासारखीच अवस्था. विणलेलं आहे.

डॅन्यूबकाठचा_मराठी
अजून एक पेच घालतो. इंग्लंडच्या राजाने राहा म्हटलं, तरी तो राहिला नाही. १७९५ मध्ये परत आला आणि एस्टरहाझींच्याच नव्या मालकाची, निकोलाउस दुसऱ्याची, नोकरी पुन्हा धरली! आता काम हलकं. मुख्य म्हणजे मालकिणीच्या नामदिनाला एक नवी मिस्सा, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेचं संगीत. १७९६ ते १८०२ मध्ये अशा सहा लिहिल्या. त्यातली १७९८ ची, जिला नेल्सनचं नाव चिकटलं, ती मी आयझेनश्टाटमध्येच ऐकलीय. सुरुवातीला तुतारी-नगारे असे येतात की बाकावर बसवत नाही. त्याच काळात "सृष्टी" हा ओरेटोरिओ (गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना), जनतेसमोर १९ मार्च १७९९ ला. सुरुवातीची अंधारातली अस्थिरता आणि मग "प्रकाश होवो" म्हटल्यावर उघडणारा तो एक सूरसंघ. वयाच्या ६६-६७ व्या वर्षी.

हे नोकरीत लिहिलं की मोकळेपणी? "सृष्टी" मालकासाठी नव्हे, मिस्सा मालकासाठी. दोन्ही एकाच टेबलावर.

बेसूर_बंडू
आणि ती कवटीची भानगड? कुठेतरी वाचलं होतं.

ओटीवरचा_झोपाळा
खरी आहे. ३१ मे १८०९ ला तो गेला तेव्हा व्हिएन्ना नेपोलियनच्या ताब्यात होतं, आणि त्याच्या दारापाशी फ्रेंचांनी मानाने पहारा ठेवला होता. पुरल्यानंतर काही दिवसांत रोझेनबाउम आणि पेटर या दोघांनी कवटी चोरली, डोक्याच्या उंचवट्यांवरून बुद्धी मोजणाऱ्या त्या काळच्या खुळापायी. १८२० मध्ये मालकाने अवशेष हलवायला काढले तेव्हा नुसता टोप सापडला. पोलीस घरी आले तर कवटी गादीखाली आणि गादीवर रोझेनबाउमची बायको आजारी म्हणून पडलेली. मग दुसऱ्याच कुणाची कवटी देऊन वेळ मारून नेली. खरी परत धडाला मिळाली १९५४ मध्ये. दुसरी काढली नाही, त्यामुळे आयझेनश्टाटच्या थडग्यात आज दोन आहेत.

रोझेनबाउम कोण होता माहीत आहे? एकेकाळचा एस्टरहाझींचाच नोकर.

डॅन्यूबकाठचा_मराठी
त्या थडग्यापुढे मी उभा राहिलोय. पांढरा संगमरवर आहे. मला मात्र तिथे कवटी आठवली नाही, २७ मार्च १८०८ आठवला. जुन्या विद्यापीठाच्या दालनात "सृष्टी" होती, सालिएरी संचालन करत होता, ७५ वर्षांच्या हायडनला खुर्चीत बसवून आणलं होतं. प्रकाशाच्या जागी टाळ्या झाल्या तेव्हा त्याने हात वर केले, ते तिथून आलं म्हणाला. दमला म्हणून पहिल्या भागानंतर घरी न्यावं लागलं. बेटहोफेन हजर होता. शिष्य असताना दोघांचं फार जमलं नव्हतं, पण त्या दिवशी त्याने गुडघे टेकून म्हाताऱ्याच्या हाताचं चुंबन घेतलं म्हणतात.

तंबोरा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री डॅन्यूबकाठचं ते वाचून दाखवलं, की तो मोकळा झाल्यावरही त्याच घराण्यात परत गेला. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "निवृत्त झाल्यावर वर्षभर मी रोज दहाला कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन यायचो. तुला माहीत नाही. तुझ्या आईला माहीत होतं."

मला खरंच माहीत नव्हतं.

मग त्यांनी चिमणीताईंचं लंडनचं पत्र पुन्हा वाचायला लावलं, दोनदा. "आपण बांधील नोकर नाही ही जाणीव," इथे आल्यावर म्हणाले, "हे तुझ्या बाजूचं आहे. लिहून ठेव."

आज सकाळी पेटीवर बसले आणि निरोपाच्या सिंफनीतल्या शेवटच्या दोन व्हायोलिनांची ओळ काढायचा प्रयत्न करत होते. खालची ओळ जमतेय, वरची निसटते. कोमल_निषाद, त्याची स्वरलिपी कुठे मिळेल? बाबांना सारेगममध्ये लिहून द्यायची आहे.

कोमल_निषाद
मी लिहून देतो. मूळ सिंफनी फ-शार्प मायनरमध्ये आहे, पण शेवट मेजरमध्ये होतो, तेव्हा पांढरी एकपासून बसेल अशी उतरवतो. दोन दिवस द्या.

मांडवीकाठ
खालची ओळ दुसऱ्या व्हायोलिनची. बाबांना सांगा, तीच आधी येणं बरं.